आधी खिडकी, मग सा

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. दीड वर्षाने आमची शाळा भरली. मिरजेपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात, माध्यमिक शाळेत मी संगीत शिकवते. या कामाला आता २४ वर्षं होत आली. त्या दिवशी घंटा झाली, पण मुलं परिपाठाला पटांगणात आली नाहीत. एका बाकावर एक अशी, मास्क लावून, आपापल्या वर्गातच उभी राहिली आणि कार्यालयातून राष्ट्रगीताची ध्वनिफीत लागली. मी सातवीच्या दारात होते. पहिल्या बाकावरच्या मुलीचा मास्क आत-बाहेर व्हायला लागला. गात होती ती. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण गात होती. मग तिच्या मागचा मुलगा, मग खिडकीजवळच्या दोघी. राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत अर्ध्या वर्गाचे मास्क हलत होते आणि वर्गात माणसाचा आवाज म्हणून नव्हता.

शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर सूचना होती : गायन, समूहगीत, वाद्यवादन पुढील आदेशापर्यंत बंद. शाळेला दोष देत नाही. काय करावं हे कुणालाच नीट कळत नव्हतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. पण त्याच दिवशी तिसऱ्या तासाला शेजारच्या वर्गातून पाढे ऐकू आले. सतरा साते एकोणीसाशे. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येतो म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि वीसेक मुलं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. गाणं बंद होतं, पाढे चालू होते. आपण ज्याला घाबरायला हवं त्याला घाबरत नाही आहोत, असं मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट वाटलं.

भीती खोटी नव्हती, हे आधी सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात इस्लामपुरात मार्च २०२० मध्येच एका कुटुंबात एकामागून एक रुग्ण सापडले होते. साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष तेव्हा तिकडे होतं. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, आमच्या शाळेत २० वर्षं तबला शिकवणारे सर गेले. जाण्याच्या पाच दिवस आधी फोनवर बोलले होते, मुलांना तबल्यातला कायदा कुठवर आला आहे ते सांगून ठेवा म्हणाले होते. त्यामुळे पुन्हा गाणं सुरू करू या, असं मी मुख्याध्यापकांना म्हणाले ते हौस म्हणून नाही. ते करायचं तर कशा रीतीने, हे मी आधी नीट समजून घेतलं होतं.

गाणं आणि हा आजार यांचा संबंध जगाला कळला तो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात. तिथे हौशी गायकांचा एक मोठा वृंद आहे. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी माउंट व्हर्नन गावच्या चर्चमध्ये त्यांची तालीम झाली. सभासद १२२, त्या दिवशी आले ६१. दारात हात स्वच्छ करायचं द्रव्य ठेवलं होतं, कुणी कुणाला मिठी मारली नाही, हस्तांदोलन केलं नाही. म्हणजे तेव्हा सांगितलेली काळजी त्यांनी घेतली होती. एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. तालीम अडीच तास चालली. पुढच्या काही दिवसांत त्या एकाला धरून ५३ जण आजारी पडले, दोघे गेले. आलेल्या मंडळींपैकी बहुतेक साठी-सत्तरीची होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

त्या तालमीचा अहवाल मे महिन्यात प्रसिद्ध झाला आणि जगभर समूहगायन धोक्याचं ठरलं. आपल्याकडे जून २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने प्रार्थनास्थळांसाठी सूचना काढल्या, त्यांत ध्वनिमुद्रित भक्तिगीतं लावा पण गाणाऱ्यांचे समूह नकोत, असं सांगितलं होतं. त्या वर्षी पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. टाळमृदंगाच्या गजराविना आषाढी आमच्या भागाने कधी पाहिली नव्हती.

मात्र स्कॅजिटच्या त्या गोष्टीतला अर्धाच धडा आपण घेतला. गाणं धोक्याचं, एवढं लक्षात ठेवलं. हात स्वच्छ करूनही, स्पर्श टाळूनही इतकी माणसं आजारी का पडली, हा प्रश्न विचारला कोलोरॅडो विद्यापीठातल्या शेली मिलर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचं उत्तर असं निघालं की विषाणू त्या खोलीच्या हवेत साठत गेला. दारं लावलेली, माणसं भरपूर, सगळी दीर्घ श्वास घेऊन मोठ्याने गाणारी, आणि वेळ अडीच तास. या चारांतली एखादी गोष्ट जरी वेगळी असती, तरी आकडा बराच खाली आला असता.

हवेत साठतो म्हणजे काय, हे मुलांना सांगायला मला फार कष्ट पडले नाहीत. आमच्या जुन्या इमारतीला कौलं आहेत आणि सकाळी एका फटीतून कवडसा येतो. त्या कवडशात धूळ तरंगताना दिसते. ती खाली पडत नाही, वर जाते, वळते, पुन्हा येते. माणूस बोलतो, गातो, खोकतो तेव्हा तोंडातून ओलाव्याचे कण निघतात. त्यांतले मोठे, डोळ्यांना दिसतात ते थुंकीचे थेंब, काही सेकंदांत जमिनीवर येतात. पण केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढे बारीक कण असतात ते स्थिर हवेत कित्येक तास तरंगू शकतात. शास्त्रज्ञ त्यांना एअरोसोल म्हणतात. मी मुलांना म्हटलं, कवडशातली धूळच समजा, फक्त हिला कवडसा लागत नाही, ही एरवीही असतेच. सहा फुटांचं अंतर मोठ्या थेंबांना अडवतं. हे बारीक कण खोलीभर फिरतात.

हे कण येतात कुठून? आपल्या गळ्यात स्वरतंतू असतात, त्यांवर ओलाव्याचा पातळ पापुद्रा असतो. सा लावला की मुलाच्या गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला दोन-तीनशे वेळा एकमेकांना भिडतात आणि सुटतात. दर वेळी तो पापुद्रा ताणून फुटतो आणि त्याचे कण श्वासाबरोबर बाहेर येतात. जितका जोर जास्त, तितके कण जास्त. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हे बोलण्याबाबत २०१९ मध्येच, म्हणजे महामारीच्या आधी, दाखवून दिलं होतं.

आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या जोनाथन रीड यांच्या गटाचं काम बाहेर आलं. त्यांनी २५ व्यावसायिक गायकांना शस्त्रक्रियेच्या अतिस्वच्छ खोलीत उभं केलं, कारण तिथल्या हवेत आधीचे कण जवळजवळ नसतात, आणि त्यांना गायला, बोलायला, श्वास घ्यायला लावून कण मोजले. सारख्याच जोराच्या आवाजात बोललं आणि गायलं, तर फरक थोडासाच होता. पण हळू आवाजातून अगदी मोठ्या आवाजात गेलं की बाहेर पडणाऱ्या कणांचं वस्तुमान २० ते ३० पट वाढत होतं. बर्लिनमध्ये मुलांच्या आवाजांवर वेगळी मोजणी झाली, तीत लहान मुलं गाताना मोठ्यांपेक्षा कमी कण सोडतात असं दिसलं.

हे वाचलं त्या रात्री मला शेजारच्या वर्गातले पाढे आठवले. गाण्याचा नाही, ओरडण्याचा प्रश्न होता, आणि लावलेल्या खिडक्यांचा. समूहगीत म्हणजे घशाच्या शिरा ताणून म्हणायचं गीत, अशी समजूत आपल्या शाळांमध्ये फार खोलवर रुजली आहे. स्पर्धेत परीक्षकांपर्यंत आवाज पोचला पाहिजे, पाहुण्यांनी मान डोलावली पाहिजे. माझे गुरुजी म्हणायचे की ओरडणाऱ्या गळ्याला सूर सापडत नाही. माझं मतही तेच आहे आणि महामारीने त्याला एक नवं कारण दिलं.

मुख्याध्यापकांनी माझं ऐकून घेतलं. लेखी परवानगी दिली नाही, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू म्हणाले. तेवढं मला पुरलं.

आमची संगीताची खोली जुन्या इमारतीत कोपऱ्यावर आहे. पूर्वेला दोन खिडक्या पटांगणाकडे, पश्चिमेला दोन व्हरांड्याकडे. मी इतकी वर्षं त्या खोलीत शिकवलं, पण पश्चिमेच्या खिडक्या उघडलेल्या मला आठवत नव्हत्या. तिथे बक्षिसांचं कपाट होतं. १९८७ पासूनच्या ढाली, चषक, लेझीमच्या स्पर्धेचं मोठं चांदीच्या रंगाचं सन्मानचिन्ह. कपाटाच्या पाठीला खिडक्या.

एका शनिवारी दहावीच्या चार मुलांना घेऊन मी उदबत्ती लावली. खोलीच्या मध्यावर, पेटी असते तिथे, एका मुलाने ती हातात धरली. पूर्वेच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. धूर सरळ वर गेला, छताजवळ पसरला आणि तिथेच राहिला. पंखा लावला. धूर खोलीभर फिरला, आणखी पातळ झाला, पण गेला नाही. मुलांना वाटलं होतं पंखा लावला की हवा बदलते. छताचा पंखा तीच हवा ढवळतो, नवी आणत नाही. मग आम्ही कपाट रिकामं केलं, ओढून आतल्या भिंतीला लावलं. पश्चिमेच्या खिडक्यांच्या कड्या गंजल्या होत्या, त्यांना खोबरेल तेल लावून त्या हातोडीने उघडल्या. पुन्हा उदबत्ती. या वेळी धूर वर जायच्या आधीच वाकला आणि एका रेषेत व्हरांड्याकडे निघाला. उदबत्ती धरलेला मुलगा नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, खोली श्वास घेती की!"

मी हे इतकं तपशिलाने सांगते आहे, कारण याला एक रुपया खर्च आला नाही. हवा एका बाजूने आत यायला आणि समोरच्या बाजूने बाहेर जायला वाट हवी. एकाच बाजूच्या खिडक्या उघडून अर्धंही काम होत नाही. ज्या दिवशी वारा पडलेला असेल त्या दिवशी टेबलपंखा व्हरांड्याच्या खिडकीत बाहेर तोंड करून लावायचा. पंखा मुलांकडे तोंड करून ठेवायची आपली सवय असते, ती मोडावी लागली. पंखा आतली हवा बाहेर ढकलतो आणि तिच्या जागी पूर्वेच्या खिडक्यांतून ताजी हवा येते.

हवा किती बदलली हे मोजता येतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र महिनाभर वापरायला दिलं. आपण श्वासातून हा वायू सोडतो, त्यामुळे खोलीत तो जितका साठेल, तितकी एकमेकांची सोडलेली हवा आपण पुन्हा घेत असतो. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतं. वर्गात ते आठशेच्या आत ठेवावं, असा सल्ला अनेक तज्ज्ञ देत होते. आमच्या शाळेच्या नव्या स्लॅबच्या इमारतीत, सरकत्या काचांच्या खिडक्या लावलेल्या एका वर्गात, तास संपताना यंत्राने दोन हजारांच्या वरचा आकडा दाखवला. माझ्या कौलारू खोलीत १३ मुलं २० मिनिटं गायल्यावर तो सातशेच्या आत होता. जुन्या शाळा बांधणाऱ्यांनी छताजवळ झरोके ठेवले होते, समोरासमोर खिडक्या ठेवल्या होत्या. नव्या बांधकामांत ते गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

२० मिनिटं का? हवा एकदम बदलत नाही. निळीची बादली नळाखाली धरा. पाणी वाहत राहतं, पण निळा रंग हळूहळू फिकट होतो. खोलीतल्या हवेचंही तसंच. खोलीत मावते तेवढी नवी हवा एकदा आली, तर जुने कण साधारण एक तृतीयांशाहून थोडे अधिक उरतात. तीनदा आली की ५ टक्के. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल, तर खोली धुऊन निघायला अर्धा तास लागतो. अमेरिकेतल्या शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या वाद्यवृंदांच्या संस्थांनी मिळून जो अभ्यास करवून घेतला, त्यानेही एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त सराव नको, मग खोली रिकामी ठेवा, असंच सांगितलं. आमचा तास ३५ मिनिटांचा. मी २० मिनिटं गाणं घ्यायची, मुलं बाहेर व्हरांड्यात जायची, तिथे उरलेला वेळ ताल हातावर द्यायचा. ५२ मुलांच्या वर्गाचे चार गट केले. एका गटाला आठवड्यातून एकदाच गायला मिळायचं. ते थोडं होतं, पण ठरलेलं होतं, आणि मुलं त्या दिवसाची वाट बघायची.

बसायची रीतही बदलली. पूर्वी मुलं पेटीभोवती गोल बसायची, म्हणजे प्रत्येकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाकडे. आता सगळी एकाच दिशेला, पटांगणाकडे तोंड करून, आणि मी बाजूला. तीन पदरी मास्क प्रत्येकाला, आणि दप्तरात एक जादा, कारण गाताना मास्क ओला होतो आणि ओल्या मास्कमधून श्वास नीट घेता येत नाही. मास्कने शब्द थोडे बोबडे होतात. म्हणून पहिले दोन महिने शब्द फारसे ठेवलेच नाहीत. प, फ, ब, भ अशा ओठांच्या अक्षरांना तोंडातून तुषार जास्त उडतात, आरशासमोर म्हणून बघा. त्यापेक्षा आकार, सरगम, पलटे. आणि सुरुवातीला पाच मिनिटं ओठ मिटून गुंजन. ओठ मिटले की कुणाला ओरडता येत नाही.

एक छोटी गोष्ट फार उपयोगी पडली, ती इतर संगीतशिक्षकांसाठी सांगते. शाळेची प्रार्थना आम्ही वर्षानुवर्षं काळी पाचमध्ये म्हणायचो. वरचा सा आला की मुलं जोर लावायची. मी पट्टी काळी तीनवर आणली. दोन दिवस मुलांना ते उदास वाटलं. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची दोन मुलं, जी कधी सुरात नसायची, ती सुरात लागली. त्यांना वरचे सूर लागत नव्हते म्हणून ती इतकी वर्षं नुसती ओरडत होती. आता ओरडायची गरजच उरली नाही.

थंडीच्या दिवसांत आम्ही बरेचदा पिंपळाखाली गायलो. मोकळ्यावर कण उडून जातात, यापेक्षा सुरक्षित जागा नाही. पण मोकळ्यावर आवाजही उडून जातो. मुलांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही आणि ती पुन्हा ओरडायला लागतात. त्यावर उपाय सापडला तो शाळेच्या कुंपणभिंतीचा. भिंतीकडे तोंड करून, चार पावलांवर उभं राहून गायलं की आवाज परत येतो. पाहणाऱ्याला ते विचित्र दिसायचं. वाटेने जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, पोरांना शिक्षा केलीय का. मुलांनी त्यांना थांबवून दोन मिनिटं ऐकवलं.

वाद्यांबद्दल तेव्हा फार गैरसमज होते. कुणी म्हणे पेटी बंद, कारण तिच्यातून हवा येते. पेटीचा भाता खोलीतली हवा ओढतो आणि सुरांतून सोडतो, तीत माणसाचा श्वास नसतो. तबला, ढोलकी, झांज, लेझीम यांना तर तोंडच लागत नाही. या वाद्यांच्या बाबतीत हात धुऊन बसणं पुरेसं होतं. एका उत्साही शिपायाने पेटीच्या पट्ट्यांवर सॅनिटायझर फवारलं आणि पॉलिश गेलं. तबल्याच्या शाईवर ते पडू नये म्हणून मी तबल्याच्या पेटाऱ्यालाच कुलूप लावलं. दीड वर्ष बंद राहून सरांच्या तबल्याची शाई तडकली होती. मिरजेला नेऊन पुडी बदलून आणली. पेटीच्या भात्याला झुरळांनी छिद्रं पाडली होती, तीही तिथेच दुरुस्त झाली. मिरजेत वाद्यं करणाऱ्यांचे हात त्या दोन वर्षांत रिकामे होते. दुकानदार म्हणाले, शाळेचं काम घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच.

बासरी आणि बिगुल यांचं मात्र वेगळं. बासरीत फुंकलेली बरीचशी हवा भोकाच्या कडेवरून सरळ पुढे जाते, आणि मास्क लावून ती वाजवता येत नाही. आमचे तीन बासरीवाले नेहमी उघड्यावरच, एकमेकांपासून लांब बसायचे. बासरी कुणाला द्यायची नाही, कुणाची घ्यायची नाही. स्काउटच्या बिगुलात साठलेलं पाणी झटकून टाकायची मुलांची सवय होती. ते फडक्यावर काढायचं आणि फडकं घरी धुवायचं, असं ठरवलं.

टाळेबंदीतल्या मोबाइलवरच्या वर्गांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी भोगलं आहे. एवढंच सांगते की समूहगान मोबाइलवर होत नाही, यात मुलांचा दोष नव्हता. आवाज इकडून तिकडे जायला लागणारा वेळ इतका असतो की ताल जुळूच शकत नाही. शिवाय सभा घेणारं अ‍ॅप तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून गाळून टाकायचं. मिरजेचा तानपुरा मांडीवर घेऊन मी बसलेली, आणि मुलांना फक्त माझा गळा ऐकू येतोय. कित्येक घरांत मोबाइल एकच, तो वडिलांबरोबर रानात. रात्री आठला ते आले की मुलं गाणं ध्वनिमुद्रित करून पाठवायची, मागे भांड्यांचा आवाज, म्हशीचं हंबरणं. ती सगळी मी ठेवली आहेत.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, शाळा पुन्हा बंद झाल्या. तेव्हा मी गाणं चालू ठेवा असं म्हटलं नाही. गावात घराघरांत ताप होता, आणि खिडक्या उघडल्याने सगळा धोका जातो असं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. २४ जानेवारीला शाळा उघडायला लागल्या तेव्हा पुन्हा चार गट, पुन्हा २० मिनिटं. त्याच महिन्यात १५ वर्षांवरच्या मुलांचं लसीकरण सुरू झालं होतं, मार्चमध्ये १२ वर्षांवरच्यांचं झालं. गुढीपाडव्याला निर्बंध उठले. आमच्या संगीताच्या खोलीतून त्या काळात साथ पसरल्याचं माझ्या पाहण्यात आलं नाही. मुलं घरूनही आजारी पडायची, त्यामुळे याला मी पुरावा म्हणत नाही. माझ्यापुरतं समाधान म्हणते.

सगळ्यात कठीण गेली ती एक साधी गोष्ट : आजारी मुलाने घरी राहणं. आमच्याकडे शंभर टक्के हजेरीला बक्षीस आहे. समूहगीतात मुख्य आवाज एखाद्या मुलीचा असतो आणि तिला ताप असला तरी ती येते, कारण तिच्यावाचून गाणं उभं राहणार नाही असं आपणच तिच्या मनावर ठसवलेलं असतं. त्या वर्षी मी प्रत्येक गाण्याला दोन मुख्य आवाज तयार केले. एकीला शिंक आली, दुसरी उभी राहील. घरी राहिलेल्या मुलीचा मान कमी होणार नाही, हे वर्गासमोर सांगितलं. हजेरीचं बक्षीस बंद करा, असा अर्ज मी तेव्हा दिला होता. तो अजून पडून आहे.

आता कुणी म्हणेल, ते दिवस गेले. पण हवेतून पसरणारा तो एकच आजार नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत १९७४ मध्ये गोवर आला. दुसरीतल्या एका मुलीपासून १४ वर्गांतल्या २८ मुलांना तो झाला. त्यांतली बहुतेक मुलं तिच्या वर्गातली नव्हती. हवा फिरवणाऱ्या यंत्रणेने तिचा श्वास इतर वर्गांत नेला असावा, असा निष्कर्ष निघाला. क्षयरोगाबद्दल तर १९६८ मध्येच रॉबर्ट लाउडन आणि रेना रॉबर्ट्स यांनी गाणं आणि क्षयाचा प्रसार यावर शोधनिबंध लिहिला होता. आमच्या सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. औषधं नव्हती तेव्हा लोक मोकळ्या हवेसाठी लांबून अशा ठिकाणी यायचे. माझी आजी त्याला हवापालट म्हणायची. शब्द आपल्याकडे होता, अर्थही माहीत होता. आपण तो वर्गापर्यंत नेला नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा दाटीवाटीच्या खोल्यांचं बोलणं पुन्हा निघालं आणि विरून गेलं.

गाण्याने आजार पसरल्याची नव्हे, बरा झाल्याची एक कथा मिरजेत सांगतात. गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ प्लेगने आजारी झाले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायला बसले आणि बरे झाले. कथेचं खरंखोटं मी ठरवत नाही. पण उरुसात अजूनही दर्ग्याच्या आवारात गाणं होतं, आणि मी दर वर्षी जाते.

आमच्या खोलीतलं कपाट आतल्या भिंतीलाच आहे. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी मुलं उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघतात, मग पेटी उघडते. पालकांना माझं एक सांगणं आहे. डिसेंबरात तुमच्या मुलांच्या शाळेत संमेलनाच्या तालमी सुरू होतील. एखाद्या संध्याकाळी मुलाला आणायला जाल तेव्हा तालीम कुठल्या खोलीत चालली आहे ते आत जाऊन बघा. खिडक्या लावलेल्या असतील तर उघडायला सांगा, आणि समोरच्या भिंतीला कपाट असेल तर ते हलवायला स्वतः हात लावा.